एसपीएच फाइल वॅवमध्ये बदलली की नुसती खरखर: नेमके कुठे बिघडते ते कसे शोधायचे

भाषाविज्ञान किंवा स्पीच टेक्नॉलॉजीच्या प्रकल्पाला नुकतीच सुरुवात केलेल्या विद्यार्थ्यांकडून एक तक्रार दर वर्षी न चुकता येते. "विभागाच्या सर्व्हरवरून टिमिटचा डेटा घेतला. नावापुढे डॉट वॅव असंच आहे, पण प्लेअर म्हणतो फाइल खराब आहे. पायथनमध्ये उघडायला गेलो तर फाइलची सुरुवात रिफने होत नाही म्हणून अडते. मग कुठल्या तरी कन्व्हर्टरमधून काढली. आता उघडते, पण आत नुसती खरखर." पुढच्या वर्षी विद्यार्थी नवा असतो, टिमिट या ध्वनिसंग्रहाऐवजी स्विचबोर्ड नाहीतर वॉल स्ट्रीट जर्नल या संग्रहाचा डेटा असतो, तक्रार मात्र शब्दशः तीच.

अशा वेळी मूळ फाइल बहुतेकदा धडधाकट असते. ती वाचणाऱ्या प्रोग्रामने आतल्या डेटाबद्दल चुकीचा अंदाज बांधलेला असतो. आणि खरखर सगळी सारखी नसते. तिचे चार-पाच प्रकार आहेत, प्रत्येकामागचे कारण वेगळे आहे आणि ते कानाने ओळखता येते. म्हणून एकामागून एक कन्व्हर्टर बदलून पाहण्यात दुपार घालवू नका. आधी फाइलचे पहिले १०२४ बाइट वाचा, मग खरखर नीट ऐका.

नाव वॅव, आत स्फिअर

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि नव्वदच्या दशकात अमेरिकेत वाणी-ओळखीच्या संशोधनासाठी मोठमोठे ध्वनिसंग्रह तयार झाले. त्यांच्यासाठी तिथल्या निस्ट या मानक संस्थेने स्फिअर (एक्स्टेन्शन एसपीएच) नावाचा फॉरमॅट ठरवला. नाव ‘स्पीच हेडर रिसोर्सेस’ यावरून आले आहे. टिमिट हा त्या काळातला सर्वांत प्रसिद्ध संग्रह. त्याचे ध्वनिमुद्रण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये झाले आणि लिप्यंतर एमआयटीत. ६३० वक्ते, अमेरिकन इंग्रजीचे आठ बोलीप्रदेश, प्रत्येकाची १० वाक्ये, म्हणजे एकूण ६३०० वाक्ये. लिंग्विस्टिक डेटा कन्सॉर्शियम, म्हणजे एलडीसी, १९९३पासून हा संग्रह वितरित करते. ध्वनिविज्ञान शिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विभागात तो कुठल्या ना कुठल्या डिस्कवर असतोच.

गोंधळाचे मूळ असे, की टिमिटच्या फाइलींना एक्स्टेन्शन वॅव दिले आहे आणि आतला फॉरमॅट स्फिअर आहे. आज आपण ज्याला वॅव म्हणतो तो मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचा रिफ प्रकार. डब्यावरची चिठ्ठी एक आणि आतला जिन्नस दुसरा, असा हा प्रकार आहे. वॉल स्ट्रीट जर्नल संग्रहात तर एक्स्टेन्शन डब्ल्यूव्ही१ आणि डब्ल्यूव्ही२ असे असते. त्यातला १ म्हणजे तोंडाजवळचा मायक्रोफोन आणि २ म्हणजे दुसरा मायक्रोफोन. वॅवपॅक नावाच्या अगदी वेगळ्या फॉरमॅटचे एक्स्टेन्शनही डब्ल्यूव्हीच असल्यामुळे तिथे आणखी घोळ होतो. एकूण काय, एक्स्टेन्शनवर विश्वास ठेवायचा नाही.

पहिले १०२४ बाइट

स्फिअरची चांगली बाजू ही की त्याचे हेडर साधा मजकूर असते, माणसाला वाचता येते. लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलमध्ये ‘हेड’ ही कमांड ‘सी’ पर्यायासह द्या आणि पुढे १०२४ हा आकडा लिहा. (या लेखातल्या कमांड आणि हेडरमधले शब्द प्रत्यक्षात रोमन लिपीत आहेत, तिथे ते तसेच टाइप करायचे.) विंडोजवर नोटपॅड प्लस प्लसमध्ये फाइल उघडली तरी चालते, पण बंद करताना चुकूनही सेव्ह करू नका. टेक्स्ट एडिटरने सेव्ह केलेली ऑडिओ फाइल कायमची बिघडू शकते. शक्य असेल तर आधी प्रत काढा आणि प्रतच उघडा.

पहिल्या ओळीत ‘निस्ट अंडरस्कोर १ए’ दिसले की फाइल स्फिअर आहे हे नक्की. दुसऱ्या ओळीत हेडरची लांबी असते. बहुतेक वेळा १०२४, क्वचित त्याची पट. पुढे एकेका ओळीत एकेक नोंद असते. मधे ‘आय’ असेल तर पुढची किंमत पूर्णांक, ‘एस३’ असेल तर पुढे तीन अक्षरांचा मजकूर. ‘एंड हेड’ या ओळीला मजकूर संपतो आणि उरलेली जागा भरणीची असते. आपल्याला सहा नोंदी हव्यात: चॅनल काउंट, सॅम्पल काउंट, सॅम्पल रेट, सॅम्पल एन बाइट्स, सॅम्पल बाइट फॉरमॅट आणि सॅम्पल कोडिंग. शेवटची नोंद नसेल तर साधे पीसीएम, म्हणजे ठरावीक अंतराने मोजलेल्या आवाजाचे न दाबलेले आकडे, समजायचे. टिमिटमध्ये ती नसते.

आता छोटे गणित करा. मला विचाराल तर संपूर्ण तपासणीतला हा सर्वांत उपयोगी भाग आहे आणि नेमका हाच सगळे टाळतात. सॅम्पल काउंट गुणिले बाइट्स गुणिले चॅनल, अधिक हेडरची लांबी. सॅम्पल काउंट दर चॅनलमागे दिलेला असतो, म्हणून चॅनलने गुणायचे. समजा १६ किलोहर्ट्झचे, १६ बिटचे, एका चॅनलचे तीन सेकंदांचे वाक्य आहे. ४८,००० सॅम्पल गुणिले २, अधिक १०२४, म्हणजे फाइल ९७,०२४ बाइटची हवी. फोनवरचे पाच मिनिटांचे संभाषण असेल, ८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल, दर सॅम्पल एक बाइट, तर ४८,०१,०२४ बाइट.

आकडा तंतोतंत जुळला तर फाइल पूर्ण आहे आणि आतला डेटा दाबलेला नाही. फाइल गणितापेक्षा बरीच लहान असेल, म्हणजे अर्धी-पाऊण वगैरे, तर एकतर डाउनलोड अर्धवट झाले आहे किंवा आत शॉर्टन कॉम्प्रेशन आहे. गणितापेक्षा किंचित मोठी असेल तर कॉपी करताना कुणीतरी तिला टेक्स्ट समजून हात लावला आहे. यातली शेवटची दोन प्रकरणे पुढे येतीलच.

खरखर ऐकून कारण ओळखणे

हेडफोन लावा, आवाज आधी अगदी कमी ठेवा (बिघडलेली फाइल पूर्ण ताकदीनिशी वाजते, कानाला इजा होऊ शकते) आणि मग पुढील गोष्टी तपासा.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी फुसफुस आहे, बोलण्याची लय नाही, दोन शब्दांमधला विराम कुठेही जाणवत नाही, असे असेल तर तुम्ही दाबलेला डेटा न सोडवता वाजवत आहात. शॉर्टनची शक्यता जवळजवळ पक्की. दाबलेल्या डेटात शांतता आणि बोलणे यांचे बाइट सारखेच विस्कळीत दिसतात, म्हणून विराम ऐकू येत नाही.

उलट, जोरदार खरखर आहे पण विरामांच्या जागी ती उतरते, वाक्याची चढउतार कळते, शब्द मात्र कळत नाहीत, तर बाइटचा क्रम उलटा लागला आहे. १६ बिटच्या सॅम्पलमध्ये दोन बाइट असतात, एक वजनदार आणि एक हलका. सॅम्पल बाइट फॉरमॅट ‘०१’ असेल तर हलका बाइट आधी येतो, ‘१०’ असेल तर वजनदार आधी. उलट वाचले की हलक्या बाइटमधली किरकोळ थरथर मोठ्या आवाजात ऐकू येते. शांततेत सॅम्पलची किंमत १ असेल तर उलट वाचल्यावर ती २५६ होते, यावरून अंदाज येईल. रिफ वॅवमध्ये नेहमी हलका बाइट आधी असतो. म्हणून ‘१०’ असलेल्या फाइलीचे हेडर नुसते कापून वर वॅवचे हेडर चिकटवणाऱ्या घरगुती स्क्रिप्ट इथेच फसतात.

बोलणे कळते आहे, शब्दही लागतात, पण आवाज घोगरा, फाटलेला आणि नको तितका मोठा आहे? मग सॅम्पल कोडिंग बघा. तिथे ‘यूलॉ’, म्हणजे म्यू-लॉ असेल आणि प्रोग्रामने साधे ८ बिट पीसीएम म्हणून वाचले असेल, किंवा म्यू-लॉच्या जागी ए-लॉ धरले असेल, तर नेमका असा आवाज येतो. टेलिफोनच्या जी.७११ या मानकाचे हे दोन भाऊ. अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ चालतो, युरोप आणि भारतात ए-लॉ. त्यामुळे अमेरिकन संग्रहासाठी लिहिलेली स्क्रिप्ट इथल्या टेलिफोन लाइनवरच्या रेकॉर्डिंगवर चालवली की आवाज फाटतो, आणि लोक लाइन खराब होती असे समजून डेटा टाकून देतात. असे करण्याआधी एकदा ए-लॉ लावून ऐकाच.

बोलणे स्वच्छ पण दुप्पट वेगाने आणि चिरक्या आवाजात असेल तर ८ किलोहर्ट्झची फाइल १६ची समजून वाजते आहे. निम्म्या वेगाने, जड आवाजात आणि मागे दुसरेही कुणी बोलत असल्यासारखे येत असेल तर दोन चॅनल एकात एक विणलेले आहेत आणि प्रोग्राम त्यांना एकच चॅनल समजतो आहे.

बोलणे ओळखू येते पण सतत तुटते, करकरते, आणि फाइल गणितापेक्षा किंचित मोठी भरते, तर जुन्या पद्धतीच्या एफटीपीने टेक्स्ट मोडमध्ये कॉपी झाल्याची शंका घ्या. त्या मोडमध्ये १० किमतीचा प्रत्येक बाइट ओळीचा शेवट समजला जातो आणि त्याच्या आधी १३ किमतीचा एक बाइट घुसवला जातो. दर वेळी बाइटांची जोडी एका घराने सरकते, म्हणून कधी बोलणे, कधी खरखर. नंतर ते जास्तीचे बाइट काढून टाकण्याचा प्रयत्न करू नका. मूळ डेटातही १३ आणि १० शेजारी येऊ शकतात, त्यामुळे खरे कोणते आणि घुसवलेले कोणते हे खात्रीने ठरवता येत नाही. मूळ डिस्कवरून बायनरी मोडमध्ये पुन्हा कॉपी करा.

राहिला शेवटचा आणि सर्वांत फसवा प्रकार: सगळे ठीक ऐकू येते, फक्त सुरुवातीला एक बारीक ‘टक्’ होते. लोक याकडे दुर्लक्ष करतात. प्रत्यक्षात इथे हेडरचा मजकूरच ध्वनी म्हणून वाजला आहे. १०२४ बाइट म्हणजे १६ बिटचे ५१२ सॅम्पल, १६ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंद. टिमिटमध्ये प्रत्येक ध्वनीची सुरुवात आणि शेवट सॅम्पल क्रमांकात दिलेली असते. तुमच्या वॅवमध्ये ३२ मिलिसेकंदांची भर पडली की सगळ्या सीमारेषा तेवढ्याने चुकतात. ध्वनींच्या सीमा तपासताना साधारण २० मिलिसेकंदांपर्यंतचा फरक चालवून घेण्याची पद्धत आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या ‘टक्’ची किंमत कळेल. मॉडेल शिकते, आकडे येतात, निकाल मात्र सतत थोडे वाईट येत राहतात आणि कारण सापडत नाही.

शॉर्टन निघाले तर

सॅम्पल कोडिंगच्या ओळीत ‘पीसीएम’पुढे स्वल्पविराम आणि ‘एम्बेडेड शॉर्टन’ असे लिहिलेले असते. खात्री करायची असेल तर हेडर संपल्यावरची पहिली चार अक्षरे पाहा. तिथे ए, जे, के, जी अशी लहान लिपीतली अक्षरे असतील तर पुढे शॉर्टनचा प्रवाह आहे. शॉर्टन हे टोनी रॉबिन्सन यांनी केंब्रिज विद्यापीठात तयार केलेले कॉम्प्रेशन. त्यात काहीही गमावले जात नाही, सोडवल्यावर मूळ सॅम्पल जसेच्या तसे मिळतात. सीडीवर जागा थोडी, म्हणून एलडीसीच्या कितीतरी संग्रहांमध्ये ते वापरले गेले.

सॉक्स हे ऑडिओ रूपांतराचे उत्तम साधन आहे आणि साध्या स्फिअर फाइलींना ते पुरते. ‘टी’ पर्यायाने मूळ फाइलीचा प्रकार एसपीएच आहे हे स्वतः सांगा, म्हणजे वॅव या नावामुळे घोळ होण्याचा प्रश्न उरत नाही. पण २०१५ची १४.४.२ ही आवृत्ती शॉर्टन सोडवत नाही, तसा संदेश देऊन थांबते. तो संदेश एका फाइलीपुरता सरळ दिसतो. हजारो फाइलींच्या लूपमध्ये मात्र तो वर सरकून जातो आणि मागे शून्य लांबीच्या फाइली राहतात.

अशा वेळी एलडीसीचेच ‘एसपीएच टू पाइप’ हे छोटे साधन वापरा (मधला ‘टू’ हा २ या आकड्याने लिहितात). वाणी-ओळखीच्या काल्डी टूलकिटच्या जुन्या रेसिपींमध्ये, म्हणजे तयार स्क्रिप्टमध्ये, सगळीकडे हेच दिसते. ‘एफ’ पर्यायापुढे वॅव लिहा. ‘पी’ हा पर्याय हमखास द्या, त्याने निकाल १६ बिट पीसीएममध्येच मिळतो. तो दिला नाही तर म्यू-लॉ फाइलीचे म्यू-लॉ वॅवच तयार होते, आणि पायथनचे अंगभूत वेव्ह मॉड्यूल ते वाचत नाही, ‘अज्ञात फॉरमॅट ७’ असे म्हणून अडते. (वॅवच्या हेडरमध्ये १ म्हणजे पीसीएम, ६ म्हणजे ए-लॉ, ७ म्हणजे म्यू-लॉ, ४९ म्हणजे जीएसएम. हे चार आकडे पाठ असलेले बरे.) जुन्या स्क्रिप्टमध्ये म्यू-लॉ सोडवण्यासाठी ऑडिओऑप मॉड्यूल वापरलेले असते. ते पायथन ३.१३मधून काढून टाकले आहे, त्यामुळे काल-परवापर्यंत चालणारी स्क्रिप्ट पायथन अपडेट झाल्यावर अचानक बंद पडली असेल तर कारण तिथे शोधा.

एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराच्या साधनालाही स्फिअर वाचता येते आणि त्याच्यातले शॉर्टनही ते ओळखते. हाताशी तेवढेच असेल तर खुशाल वापरा, फक्त निघालेल्या सॅम्पलची संख्या हेडरमधल्या सॅम्पल काउंटशी ताडून पाहा. स्फिअरसाठी माझी पहिली पसंती मात्र एसपीएच टू पाइपलाच आहे, कारण ते याच एका कामासाठी, याच संग्रहांवर तपासून लिहिलेले आहे.

साधन बरोबर, तरी बिघाड

विंडोजवर एक खास सापळा आहे. एसपीएच टू पाइप आपला निकाल पडद्याच्या प्रवाहात सोडते आणि आपण ‘पेक्षा मोठे’ या चिन्हाने तो फाइलीत वळवतो. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१मध्ये असे केले की तो प्रवाह आधी मजकूर समजला जातो आणि यूटीएफ-१६मध्ये नव्याने लिहिला जातो. फाइल जवळपास दुप्पट आकाराची होते आणि वाजत नाही. ७.४ आवृत्तीपासून हे सुधारले आहे. पण साधा उपाय कुठेही चालतो: चिन्ह वापरूच नका, मूळ फाइलीच्या नावानंतर नव्या फाइलीचे नाव द्या, साधन स्वतःच तिथे लिहिते.

दुसरा सापळा नावांचा. टिमिटच्या काही प्रतींमध्ये नावे मोठ्या लिपीत असतात, काहींत लहान. एसए१ डॉट वॅव मोठ्या लिपीत मूळ, आणि त्याच फोल्डरमध्ये लहान लिपीत नवीन, असे विंडोज आणि मॅकवर सहसा वेगळे राहत नाही. ती एकच फाइल ठरते आणि मूळ फाइल वाचली जात असतानाच पुसली जाते. रूपांतराचे फोल्डर कायम वेगळे ठेवा आणि मूळ फोल्डर फक्त वाचण्यापुरते खुले ठेवा.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल मला स्पष्टच सांगायचे आहे: या कामासाठी वापरू नका. त्यातले बरेचसे स्फिअर ओळखत नाहीत हा किरकोळ मुद्दा झाला. एलडीसीचे संग्रह परवान्याने मिळतात, बाहेरच्या कुणालाही देण्याची मुभा नसते. आणि तुम्ही स्वतः गावात जाऊन कुणाची मुलाखत रेकॉर्ड केली असेल तर त्या आजींनी आवाज तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेला असतो. तो अनोळखी सर्व्हरवर चढवण्याचा हक्क आपल्याला नाही.

दोन चॅनल आणि सॅम्पल रेट

स्विचबोर्ड संग्रहात ५४३ वक्त्यांची सुमारे २४०० टेलिफोन संभाषणे आहेत. ८ किलोहर्ट्झ, म्यू-लॉ, दोन चॅनल: एका बाजूचा माणूस एका चॅनलवर, दुसऱ्या बाजूचा दुसऱ्यावर. रूपांतर करताना ‘मोनो करा’ असे सांगितले की दोघांचे आवाज एकत्र मिसळतात आणि ते पुन्हा वेगळे करता येत नाहीत. लिप्यंतर मात्र ए आणि बी अशा दोन बाजूंचे वेगवेगळे आहे. म्हणून एसपीएच टू पाइपच्या ‘सी’ पर्यायापुढे एकदा १ आणि एकदा २ देऊन दोन फाइली काढा, नावाच्या शेवटी ए आणि बी लावा. एका बाजूच्या फाइलीत बराच वेळ शांतता ऐकू आली तर दचकू नका, तेव्हा समोरचा बोलत असतो.

सॅम्पल रेटला या टप्प्यावर हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. ८ किलोहर्ट्झच्या फाइलीत ४ किलोहर्ट्झच्या वरचा ध्वनी नाहीच. १६ केल्याने फाइल दुप्पट होते, ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला हरवलेला फरक परत येत नाही. व्हिस्परसारखी वाणी-ओळखीची मॉडेल १६ किलोहर्ट्झचा एक चॅनल मागतात हे खरे, पण तो बदल मॉडेलला डेटा देताना करायचा, जतन करायच्या प्रतीत नाही. शिवाय फाइल १६ची दिसू लागली की ती मूळची टेलिफोनवरची आहे हे पुढच्या माणसाला कळत नाही, आणि तो तिला स्टुडिओतल्या रेकॉर्डिंगसोबत मिसळतो. मराठीपुरते सांगायचे तर एमयूसीएस २०२१ या वाणी-ओळख स्पर्धेचा मराठी डेटाही ८ किलोहर्ट्झचाच आहे. तो इतर मराठी संग्रहांत मिसळण्याआधी ही गोष्ट लक्षात असू द्या.

एमपी३ तर मुळीच नको. जागा वाचवायची असेल तर फ्लॅक वापरा. त्यात काही गमावले जात नाही आणि ८ किंवा १६ किलोहर्ट्झ दोन्ही चालतात.

सगळ्या फाइली बदलून झाल्या की एक तपासणी स्क्रिप्टनेच करून घ्या: प्रत्येक मूळ हेडरमधला सॅम्पल काउंट आणि नव्या फाइलीतली सॅम्पलची संख्या समान आहे का? एका सॅम्पलचाही फरक पडला तर ती फाइल बाजूला काढा. टिमिटमध्ये सॅम्पलची सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त किंमतही हेडरमध्ये दिलेली असते. ती ताडून पाहिली की बाइटचा क्रमही आपोआप तपासला जातो, कारण क्रम उलटला असेल तर या किमती कधीच जुळणार नाहीत.

आणि हेडर फेकून देऊ नका. त्यात वाक्याचा क्रमांक, संग्रहाची आवृत्ती, काही संग्रहांत वक्त्याची खूण, मायक्रोफोन आणि रेकॉर्डिंगची तारीखही असते. वॅवमध्ये हे काहीही जात नाही. प्रत्येक फाइलीचे हेडर त्याच नावाच्या टेक्स्ट फाइलीत काढून ठेवायला एक ओळ पुरते.

फोनवरच्या एएमआर आणि डिक्टेशनच्या फाइली

पहिले काही बाइट वाचण्याची ही सवय बाकीच्या वाणी-फॉरमॅटनाही लागू पडते. आपल्याकडे ओव्या, मुलाखती, कीर्तने यांची कितीतरी रेकॉर्डिंग जुन्या फोनवर एएमआर या बोलण्यासाठीच्या फॉरमॅटमध्ये झालेली आहेत. त्या फाइलींच्या सुरुवातीला हॅश, उद्गारचिन्ह, ‘एएमआर’ आणि ओळीचा शेवट असे सहा बाइट असतात. नावात ‘डब्ल्यूबी’ जोडलेले असेल तर १६ किलोहर्ट्झ, नसेल तर ८. दोन्ही प्रकार एफएफएमपेग सोडवते.

अडचण येते ती थ्रीजीपी या फोनवरच्या ऑडिओ-व्हिडिओ फॉरमॅटमध्ये ठेवलेल्या एएमआरची. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली की फाइलीच्या शेवटी लिहायची अनुक्रमणिका राहून जाते आणि कुठलाही प्लेअर ‘मूव ॲटम सापडत नाही’ एवढेच सांगतो. आतला आवाज मात्र बहुधा शाबूत असतो. हेक्स एडिटरमध्ये (फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणारा प्रोग्राम) ‘एमडॅट’ ही चार अक्षरे शोधा. त्यांच्यापुढे दर ३२ बाइटला ‘पेक्षा लहान’ हे चिन्ह येत असेल तर ते १२.२ किलोबिटच्या एएमआरचे तुकडे आहेत, प्रत्येकी २० मिलिसेकंदांचे. फाइलीची प्रत काढा, ‘एमडॅट’सकट आधीचा सगळा भाग कापा आणि त्याच्या जागी वरचे सहा बाइट लिहा. एक्स्टेन्शन एएमआर करा. शेवटचा अर्धवट तुकडा सोडून बाकी सगळे बोलणे ऐकू यायला हवे. चित्रासह घेतलेल्या फाइलीला हा उपाय लागू नाही, तिथे आवाज आणि चित्राचे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात.

डॉक्टर आणि वकिलांच्या डिक्टेशन यंत्रांतून डीएसएस फाइली निघतात. दुसऱ्या बाइटपासून ‘डीएसएस’ ही अक्षरे दिसतील. या एफएफएमपेगने निघतात. डीएस२ हा त्याचा पुढचा प्रकार, त्याला बनवणाऱ्या कंपनीचेच सॉफ्टवेअर लागते, आणि तो पासवर्डने कुलूपबंद केलेला असू शकतो. तसे असेल तर ज्याने रेकॉर्ड केले त्याच्याकडूनच पासवर्ड मागावा लागतो.

सोनीच्या जुन्या रेकॉर्डरच्या डीव्हीएफ आणि एमएसव्ही फाइलींमध्ये बहुधा एलपीईसी हे सोनीचे स्वतःचे कोडेक (आवाज दाबण्याची पद्धत) असते, आणि ते एफएफएमपेगला येत नाही. त्यासाठी सोनीचेच विंडोजवरचे सॉफ्टवेअर हवे. कुणाच्या जुन्या संगणकावर ते अजून चालत असेल तर एक-दोन फाइलींपुरते काम उरकू नका. सगळ्या फाइली एकाच बैठकीत वॅवमध्ये काढून घ्या आणि मूळ फाइलीही सोबत जपून ठेवा.